'द नोटबुक' वाचून तुमचं काय झालं? (कथानक उघड होईल)

रानजाई

आमचा नाशिकचा वाचनगट आहे. सात जणी, महिन्याला एक पुस्तक. या वेळी निकोलस स्पार्क्सची 'द नोटबुक' घेतली आणि गट उभा चिरला गेला. तिघींना फार आवडली, तिघींनी अर्ध्यात ठेवून दिली. सातवी मी. मला त्या दिवशी काहीच बोलता आलं नाही, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिणेतली प्रेमकथा आहे, पण दक्षिण म्हणजे अमेरिकेची. नॉर्थ कॅरोलायनातलं न्यू बर्न नावाचं नदीकाठचं गाव. १९३२ च्या उन्हाळ्यात लाकूडकाम करणारा नोआ आणि पैसेवाल्या घरातली अ‍ॅली भेटतात. उन्हाळा संपतो, ती जाते. तो पत्रं लिहितो, तिची आई ती दडवून ठेवते. चौदा वर्षांनी, १९४६ मध्ये, अ‍ॅलीचं एका वकिलाशी लग्न ठरलेलं असतं. लग्नाला तीन आठवडे उरलेले असताना नोआने दुरुस्त केलेल्या जुन्या घराबद्दल वर्तमानपत्रात छापून येतं, ते वाचून ती त्याला भेटायला येते. ही झाली आतली गोष्ट. बाहेरच्या गोष्टीत ऐंशी वर्षांचा नोआ एका वृद्धाश्रमात रोज एका बाईला वहीतून हीच कहाणी वाचून दाखवतो. बाई अ‍ॅलीच आहे. तिला अल्झायमर झालाय, तिला काही आठवत नाही.

पुस्तक ऑक्टोबर १९९६ चं. लेखक ते लिहिताना औषध कंपनीचा विक्रेता होता आणि स्वतः न्यू बर्नला राहिलेला आहे. ही त्याची पहिली छापलेली कादंबरी आणि त्याला दहा लाख डॉलर आगाऊ मिळाले. बायकोच्या आजी-आजोबांवरून ही गोष्ट सुचली असं त्याने स्वतः सांगितलंय.

तुम्हाला कशी वाटली? चांगलं-वाईट दोन्ही सांगा, पण का ते सांगा.

मृगनक्षत्र

मी अर्ध्यात ठेवणाऱ्यांतली. नंतर हट्टाने पूर्ण केली, मत बदललं नाही.

नोआ हा माणूस नाहीये, नवस आहे. सुतारकाम येतं, गिटार वाजवतो, व्हिटमनच्या कविता तोंडपाठ, होडी वल्हवतो, रांधतो, महायुद्ध लढून आलाय, तीन पायांचा कुत्रा सांभाळतो आणि चौदा वर्षं एकीसाठी थांबतो. एक तरी खोट ठेवायची! तो कधी खेकसत नाही, कधी कंटाळत नाही. अशा माणसाच्या प्रेमात पडायला अ‍ॅलीला काहीच मोजावं लागत नाही.

आणि लॉन, तिचा नियोजित वर. त्याचा गुन्हा एवढाच की तो कामात बुडालेला असतो. बिचारा न्यू बर्नपर्यंत धावत येतो. अ‍ॅली त्याला भेटायला निघते, आणि तिथेच वही संपते! दोघांचं बोलणं काय झालं ते लेखक आपल्याला ऐकवतच नाही. पुस्तकातला सगळ्यात अवघड प्रसंग तोच होता. एका सज्जन माणसाला 'मी तुझ्याशी लग्न करत नाही' हे तोंडावर सांगायचं. तो लिहिता आला असता तर मी या लेखकाला मानलं असतं.

आबा_सातारा

मृगनक्षत्र, तुमचं वाचून कॉलेजातले वाद आठवले. आमच्या वेळी फडके आणि खांडेकर असे दोन तट असायचे. फडक्यांच्या नायकाला कधी घाम येत नाही, अशी तक्रार खांडेकरवाले करायचे आणि रात्री कंदिलाशी बसून फडकेच वाचायचे. मी खांडेकरांच्या बाजूचा, आणि मीही वाचले. सुबक गोष्ट सांगणं हा गुण आहे. ही कादंबरी दोन बैठकांत संपते, त्या दोन बैठकांत माणूस जागचा हलत नाही. हे सोपं काम नव्हे.

मला खटकली ती भाषा. प्रत्येक संध्याकाळ सुंदरच, प्रत्येक पाऊस मऊच. विशेषणं इतकी की खालचं नाम दिसत नाही.

खाडीकाठ

मला नदीचा भाग फार भावला. तो तिला पहिल्या संध्याकाळी खेकडे शिजवून घालतो, ती पानं मी दोनदा वाचली. आमच्या खाडीतही पग नावाचं जाळं लावून कुर्ल्या धरतात. तिथे तो पिंजऱ्यातून काढतो आणि सरळ उकळत्या पाण्यात सोडतो. आमच्याकडे आधी नांग्या मोडतात, ओलं खोबरं वाटून घेतात. पण दोघांनी हाताने फोडून खाणं, बोटांना रस लागणं, बोलता बोलता चौदा वर्षांचा अवघडलेपणा सुटणं, हे मला एकदम ओळखीचं वाटलं. कुर्ली खाताना माणसाला ऐट करता येत नाही.

दुसऱ्या दिवशीची होडीची सफर, हंसांनी भरलेला डोह आणि मग गाठणारा पाऊस. मला वाटतं लेखक माणसांपेक्षा पाण्याबद्दल जास्त खरं लिहितो.

कॅरीकर

मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, राजधानी रॅलीच्या शेजारी, अकरा वर्षं झाली. इथून न्यू बर्न गाडीने दोन तासांवर. गेल्या वर्षी बायकोच्या आग्रहाने पुस्तक वाचलं आणि मग दोघं गाव बघून आलो.

गाव देखणं आहे. न्यूस आणि ट्रेंट या दोन नद्यांचा तिथे संगम आहे. नदी म्हणायची ती सवयीने, न्यूसचं पात्र तिथे इतकं रुंद आहे की पलीकडचा काठ रेघेसारखा दिसतो. १७१० मध्ये स्विस आणि जर्मन लोकांनी वसवलेलं, स्वित्झर्लंडच्या बर्नवरून नाव पडलं, आणि बर्नचं चिन्ह अस्वल, म्हणून रस्त्यारस्त्यावर अस्वलांचे रंगवलेले पुतळे. पेप्सी जन्मली ती याच गावातल्या एका औषधाच्या दुकानात. खाडीकाठ, पाण्याबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर.

पण एक गोष्ट मला सोडवत नाहीये. नोआने दुरुस्त केलेलं घर आठवतंय का? पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितलंय की ते १७७२ चं आहे आणि एका प्लांटेशनचं मुख्य घर होतं. इकडच्या दक्षिणेत त्या काळी प्लांटेशन म्हणजे गुलामांच्या कष्टावर चालणारी शेती. ते घर ज्यांनी बांधलं, ज्यांनी त्याच्या आसपासची जमीन कसली, ती विकत आणलेली माणसं असणार. पुस्तक एका वाक्यात प्लांटेशन हा शब्द उच्चारतं आणि लगेच रंधा मारायला बसतं. पुढे ते घर म्हणजे नोआच्या प्रेमाची खूण. त्याचाच फोटो बघून अ‍ॅली परत येते.

मार्च १८६२ मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने न्यू बर्न घेतलं. त्यानंतर आसपासच्या मुलखातून हजारो गुलाम पळून या गावात आले, कारण इथे पोचलं की सुटका. ट्रेंटच्या पलीकडच्या काठावर त्यांनी जेम्स सिटी नावाची वस्ती उभारली. १ डिसेंबर १९२२ ला गावात मोठी आग लागली, सुमारे हजार इमारती गेल्या, आणि त्यात सर्वांत जास्त होरपळली ती कृष्णवर्णीयांची वस्ती. म्हणजे अ‍ॅली आणि नोआ भेटले त्याच्या दहाच वर्षं आधी. १९४६ मध्ये तर वेगळी शाळा, बसमध्ये वेगळी जागा, वेगळा नळ हे सगळं कायद्याने चालू होतं. याच राज्यात ग्रीन्सबरोला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या टेबलाशी बसले आणि उठेनात, ते १९६० साल.

आणि पुस्तकात? गस. सत्तरीचा कृष्णवर्णीय शेजारी, संध्याकाळी ओसरीवर येऊन बसतो, गिटार ऐकतो, नोआला त्याच्या जुन्या प्रेमाबद्दल शहाणपणाचं बोलतो आणि घरी जातो. गसचं वय बघा. १९४६ मध्ये सत्तर, म्हणजे त्याचे आईबाप गुलामीत जन्मलेले असण्याची दाट शक्यता. तो त्या घराच्या ओसरीवर बसून काय विचार करत असेल? लेखकाला तो प्रश्न पडला नाही. मला पडल्यावर मग पुढचं पुस्तक सरळ वाचता येईना.

मृगनक्षत्र

कॅरीकर, हे मला अजिबात लक्षात आलं नव्हतं. प्लांटेशन शब्द वाचला, डोळ्यांसमोर चहाचा मळा आला आणि पुढे गेले.

रानजाई

मीही. आत्ता पहिलं प्रकरण काढून पुन्हा वाचलं. एकच वाक्य आहे.

आबा_सातारा

कॅरीकर, मुद्दा वजनदार आहे, पण लेखकाला इतिहास लिहायचाच नव्हता. दोन माणसांची गोष्ट सांगायची होती. प्रत्येक प्रेमकथेने आपल्या गावाचा हिशेब द्यायचा म्हटलं तर प्रेमकथा लिहायच्या कोणी?

खाडीकाठ

आबा, मी तुमच्याच बाजूची होते. कॅरीकरांचा प्रतिसाद वाचून रात्रभर तेच डोक्यात राहिलं.

आमचं आजोळ खोताचं. मी या संस्थळावर त्या घरावर लेख लिहिलाय, काहींनी वाचलाही असेल. ओटी, पडवी, माजघर, मागच्या दारची पन्हळ, आजीचे पोहे. जांभ्याच्या चिऱ्यांबद्दल एक सबंध परिच्छेद आहे. चिरे कोणी खाणीतून काढले, कोणी डोक्यावरून वाहिले, त्यांना काय मिळालं, याबद्दल एक अक्षर नाही. खोतीमध्ये कुळांकडून काय काय उकळलं जायचं, हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं ते आम्ही शाळेत शिकलोय. आमच्या घरी सोवळ्याओवळ्यामुळे अंगणाच्या कडेलाच थांबणारी माणसं मी लहानपणी पाहिलीयेत. लेख लिहिताना ती आठवली नाहीत.

तेव्हा मला स्पार्क्सला एकट्याला दोषी धरता येत नाही, आणि सोडूनही देता येत नाही. गोष्टीतलं घर सुंदर असावंसं वाटतं, आणि ते सुंदर ठेवायला माणसं बाहेर काढावी लागतात. मी ती काढली होती.

कॅरीकर

खाडीकाठ, मनापासून लिहिलंत. आबा, हिशेब मागत नाहीये. गसला ओसरीवर बसवलं नसतं तर कदाचित मी काही बोललोही नसतो. बसवलंय, तर त्याला त्याचं बोलू द्यायला हवं होतं.

जाता जाता, २०२४ मध्ये याचं ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं. त्यात काळ आणि ठिकाण बदललं, आणि वेगवेगळ्या वयांची अ‍ॅली, वेगवेगळ्या वयांचा नोआ हे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलाकारांनी मिळून केले. कोणाला तरी ही रिकामी जागा दिसली असावी.

चिंचबन

मी फक्त सिनेमा पाहिलाय, २००४ चा. पुस्तक वेगळं आहे का?

मृगनक्षत्र

बरंच. जत्रेतल्या आकाशपाळण्याला लटकून होकार मिळवणं पुस्तकात नाही. रोज एक पत्र, वर्षभर, हेही सिनेमाचं. गाव सिनेमात साउथ कॅरोलायनात नेलंय. सगळ्यात मोठा फरक शेवटात. सिनेमात दोघं हातात हात घेऊन एकदम जातात. पुस्तकात कोणी मरत नाही. नोआला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असतो. लग्नाच्या वाढदिवसाच्या रात्री तो नियम मोडून तिच्या खोलीकडे निघतो, पहाऱ्यावरची नर्स कॉफी आणायला म्हणून उठून जाते आणि त्याला वाट मोकळी करून देते. तो तिच्यापाशी पोचतो, ती त्याला प्रतिसाद देते, बस. तिथे सोडलंय. हे मात्र सिनेमापेक्षा चांगलं आहे, मला न आवडलेल्या पुस्तकातलं मला आवडलेलं एकमेव दृश्य. ती नर्स.

शतावरी

मी डॉक्टर आहे, वृद्धांवर उपचार करते. थोडं आजाराबद्दल लिहिते.

आधी काळ लक्षात घ्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचं देशाला पत्र लिहून कळवलं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ही कादंबरी आली. घराघरात दबक्या आवाजात बोलला जाणारा आजार नुकताच उघड्यावर आला होता. हिच्या खपामागे तेही एक कारण असणार, असं मला वाटतं.

आता पुस्तकात खरं काय? जुन्या आठवणी नव्यांपेक्षा जास्त टिकतात, हे खरं. संध्याकाळ झाली की रुग्ण बिथरतो, अनोळखी माणूस खोलीत आहे म्हणून किंचाळतो, हेही खरं आणि स्पार्क्सने ते लपवलेलं नाही. दिवसभर गोड गेलेला असताना अंधार पडताच अ‍ॅली त्याला ओळखेनाशी होते, ती पानं वाचताना मला माझ्या रुग्णांच्या घरच्यांचे चेहरे दिसले.

खरं काय नाही? एवढ्या पुढे गेलेल्या आजारात माणूस कित्येक तासांची सलग कथा ऐकून धागा धरू शकत नाही. क्षणभर लख्ख होणं मी पाहिलंय, घरच्यांनी अनेकदा सांगितलंय. पण ते कुठल्या किल्लीने उघडत नाही. ते आपलं आपण येतं आणि जातं. मला काळजी वाटते ती याची. पुस्तक मिटल्यावर एखाद्या मुलीला वाटेल की मी रोज पुरेशा प्रेमाने वाचलं असतं तर आईने मला ओळखलं असतं. तसं नसतं. ओळख परत आली नाही तर त्यात तुमचं प्रेम कमी पडलेलं नसतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने कृपया नीट ऐकावं.

पिंपळपान

मी या धाग्यावर लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. वय ७४, कोल्हापूर. सौ. ला हा आजार होता. सहा वर्षं मी तिचं केलं, तीन वर्षांपूर्वी ती गेली.

मुलीने हे पुस्तक दिलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चीड आली. नोआला तिची चादर बदलावी लागत नाही. तिला आंघोळ घालताना ती आपल्याला ओरबाडत नाही. रात्री तीन वाजता दाराची कडी काढून 'माहेरी जायचंय' म्हणत रस्त्यावर निघत नाही. हे सगळं आश्रमातल्या बायका करतात, नोआ स्वच्छ कपडे घालून येतो आणि वाचतो. माझ्याकडे सकाळी चार तास एक मावशी यायच्या, बाकी मी. मला वाचून दाखवायला वेळच नव्हता. मला बोरकरांच्या कविता येतात, लग्न झालं त्या वर्षी तिला म्हणून दाखवायचो. त्या सहा वर्षांत एकदाही म्हटली नाही. दमलेलो असायचो.

दुसऱ्यांदा वाचलं ते ती गेल्यावर. तेव्हा एक जागा दिसली जी आधी चिडीत सुटली होती. नोआ तिला 'मी तुझा नवरा' असं सांगत बसत नाही. अनोळखी माणसासारखा येतो, वाचू का म्हणतो, आणि बसतो. मी पहिली दोन वर्षं भांडलो हो तिच्याशी. 'अगं मी आहे, बघ तरी!' लग्नाचा फोटो समोर धरायचो. ती घाबरून भिंतीला चिकटायची. मग एके दिवशी मी थकून नुसता शेजारी बसलो, म्हटलं, 'नमस्कार, मी इथेच राहतो.' ती म्हणाली, 'बसा की मग.' त्या दिवसानंतर आमचं जमलं. हे त्या लेखकाला तिशीच्या आत कसं कळलं, मला माहीत नाही. बाकी पुस्तकाला तुम्ही काहीही म्हणा.

मृगनक्षत्र

पिंपळपान काका, नमस्कार करते.

शतावरी

काका, वाद घालायचा नाही, त्यांच्या जगात जाऊन बसायचं, हे आम्ही नातेवाइकांना कितीदा समजावतो. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.

आबा_सातारा

पिंपळपान, मी तुमच्याच वयाचा. अजून काही लिहावंसं वाटलं तर लिहा, आम्ही वाचतोय.

रानजाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मी गटात गप्प का बसले, ते आता सांगते.

माझी आई गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. हाच आजार. मला विचारते, 'तुम्ही कोणाकडच्या?' मी म्हणते, देवळाशेजारच्या. तेवढ्यावर तिचं समाधान होतं. हे पुस्तक मी तिच्या पलंगाशी बसून वाचलं, रात्री, तिला झोप लागेपर्यंत. शेवटच्या पानांना खूप रडले आणि लगेच रागही आला, कारण माझ्याकडे अशी वही नाही. तिच्या आयुष्याची गोष्ट मला नीट माहीतच नाही. मी कधी विचारलीच नाही.

शतावरी, तुमचा शेवटचा परिच्छेद मी छापून घेतलाय, भावाला द्यायचाय. कॅरीकर, ते घर आता मला पूर्वीसारखं दिसणार नाही आणि ते बरंच झालं. पुढच्या बैठकीत हे मांडणार आहे. तरीही पुस्तक मी जवळ ठेवणार.

आमच्याकडे वहीऐवजी तांदूळ आहेत. आईला नावं आठवत नाहीत, जेवलो का ते आठवत नाही, पण परात मांडीवर दिली की बोटं आपोआप चालतात. मूठभर तांदूळ पुढे ओढायचे, पसरायचे, खडा दिसला की अंगठ्याने कडेला. मान खाली, ओठ मिटलेले, अगदी मी शाळेतून यायचे तेव्हा बसायची तशी. दुपारचा दीड तास ती शांत असते, आणि त्या वेळात मी शेजारी भाजी निवडते.

पिंपळपान

रानजाई, एक विचारू? हल्ली पिशवीतल्या तांदळात खडे कुठे असतात?

रानजाई

नसतात काका. रोज तेच तांदूळ, वेगळा डबा केलाय. संध्याकाळी ती झोपली की अंगणातले चार बारीक खडे धुऊन मीच त्यात टाकून ठेवते.